वाईट संगत आणि बायबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबलच्या मते वाईट संगत म्हणजे नेमकी कोणाची?

दुसऱ्या धर्माची, गरीब वस्तीतली किंवा कमी शिकलेली माणसे, असा अर्थ बायबलमध्ये कुठेही निघत नाही. घराघरांत मात्र तोच लावला जातो. नीतिसूत्रे हे पुस्तक माणसाचे वागणे बघते, आणि त्यातली यादी बरीच नेमकी आहे: लुटीत वाटा देऊ करणारी टोळी (1:10-19), सतत भडकणारा (22:24), गुपिते फोडत फिरणारा (20:19), पिण्या-खाण्यातच रमलेले (23:20), चोराचा भागीदार (29:24).

रागीट माणसाबद्दल दिलेले कारण तर खास वाचण्यासारखे आहे. त्याच्याशी मैत्री करू नकोस, नाहीतर त्याच्या रीती तू शिकशील आणि स्वतःला फासात अडकवून घेशील (22:25). तो तुला मारेल, असे तिथे म्हटलेले नाही. तू त्याच्यासारखा होशील, ही भीती आहे. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला’ म्हणणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

‘कुसंगतीने नीती बिघडते’ हे वचन कुठे आहे? ते दारू-सिगारेटबद्दल आहे का?

1 करिंथ 15:33. आणि नाही, ते मुळात व्यसनाबद्दल नाही. प्रेषित पौलाने हे पत्र इफिसहून करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला इ.स. 55 च्या सुमारास लिहिले. पंधरावा अध्याय मेलेल्यांच्या पुनरुत्थानावर आहे. करिंथच्या मंडळीतलेच काही जण ‘मेलेले उठत नाहीत’ असे म्हणू लागले होते (15:12). तसे असेल तर ‘खाऊ, पिऊ, कारण उद्या मरायचेच आहे’ एवढेच उरते, असे पौल 32 व्या वचनात म्हणतो आणि लगेच हा इशारा देतो. ओळही त्याची स्वतःची नाही. मेनँडर या ग्रीक नाटककाराच्या विनोदी नाटकातली ती आहे, म्हणजे करिंथकरांच्या कानावरून आधीच गेलेली असणार.

यातून दोन गोष्टी निघतात. संगत बिघडवते ती आधी बोलण्यातून, कृती मागाहून येते. ‘काय फरक पडतो’, ‘सगळेच करतात’, ‘एवढं काय मनावर घ्यायचं’ ही वाक्ये रोज कानावर पडली की महिन्याभराने ती आपल्याच तोंडून निघतात. दुसरे असे की हे बोलणारे मंडळीतलेच होते. तेव्हा मुलगा चर्चच्या तरुण संघात जातो म्हणून संगतीची काळजी मिटली, असे धरून चालू नये.

टोळी माणसाला ओढते ती कशी?

नीतिसूत्रे 1:10-19 मध्ये बाप मुलाला टोळीचे अख्खे भाषण ऐकवतो. घटना घडण्याआधीच ऐकवतो, हे त्यातले शहाणपण. भाषणाचा क्रम पाहा.

पहिले वाक्य ‘आमच्याबरोबर चल’ (11). काम काय ते नंतर, आधी आपलेपणा. मग ताकदीची भाषा: आपण त्यांना जिवंत गिळून टाकू (12). पुढे फायदा, मोलाच्या वस्तूंनी घरे भरू (13). आणि शेवटी सगळ्यांत गोड लालूच: आपली सर्वांची थैली एकच (14). एकट्या पडलेल्या मुलाला पैशापेक्षा हे शेवटचे वाक्य जास्त ओढते. घरात, वर्गात ज्याला कोणी विचारत नाही, त्याला कोणीतरी ‘तू आपला’ म्हटलेले असते.

बापाचे उत्तर मात्र ‘पाप लागेल’ एवढ्यावर थांबत नाही. तो हिशेब मांडतो. पाखराच्या डोळ्यांदेखत जाळे पसरले तर पाखरूही फसत नाही (17). ही माणसे तर स्वतःच्याच रक्तासाठी टपून बसली आहेत (18). थैली एक असते ती वाटा घेताना. पकडले गेल्यावर प्रत्येक जण आपापली मान सोडवतो.

आज हे भाषण चाकूसुऱ्याचेच असते असे नाही. ‘तुझं बँक खातं आठ दिवस वापरायला दे, कमिशन मिळेल’ यात चारही पायऱ्या भेटतात. अशा खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात, आणि पोलीस पहिल्यांदा पोहोचतात ते खातेदाराकडे.

स्तोत्र 1 मध्ये चालणे, उभे राहणे, बसणे अशा पायऱ्या आहेत का?

दुर्जनांच्या मसलतीने चालत नाही, पापी जनांच्या मार्गात उभा राहत नाही, निंदकांच्या बैठकीत बसत नाही, तो धन्य, असे पहिले वचन सांगते. उपदेशात याच्या तीन पायऱ्या नेहमी करतात. काटेकोर बोलायचे तर इब्री काव्यात एकच गोष्ट दोन-तीन प्रकारे सांगण्याची रीत आहे, त्यामुळे कवीला घसरणीचा क्रमच सांगायचा होता असे ठामपणे म्हणता येत नाही.

पण तसा क्रम इतरत्र स्पष्ट दिसतो. अब्राहामाचा पुतण्या लोट याने आधी सदोम या पापासाठी कुप्रसिद्ध शहराच्या दिशेने डेरा दिला (उत्पत्ती 13:12). पुढच्या अध्यायात तो सदोमात राहतो आहे (14:12). एकोणिसाव्यात तो वेशीत बसलेला आहे, जिथे गावचे कारभारी बसत. मधे कुठेही ‘लोटाने वाईट व्हायचे ठरवले’ असे वाक्य नाही. पाण्याची सोय आणि गुरांना चारा पाहून त्याने ती बाजू निवडली होती. बहुतेकांची संगत अशीच ठरते: जवळचा कट्टा, रूमवर मोकळी असलेली खाट, रोजच्या लोकलमधला ग्रुप.

येशू तर जकातदार आणि पापी लोकांच्या पंगतीला बसत होता. मग आम्हीच का टाळायचे?

हा प्रश्न प्रामाणिकपणेही विचारला जातो आणि पळवाट म्हणूनही. येशू लेवी या जकातदाराच्या घरी जेवला (मार्क 2:15-17) आणि टीका झाल्यावर म्हणाला की वैद्याची गरज दुखणाइतांना असते. जक्कय या जकातदाराच्या घरी तो उतरला, आणि त्याच भेटीत जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे आणि लुबाडलेले चौपट परत करायचे ठरवले (लूक 19:8). म्हणजे पंगत एकच असली तरी बदल कोणाकडून कोणाकडे गेला, ते पाहावे लागते.

पौलानेही हा घोळ निस्तरला आहे. जगातल्या अनीतिमान लोकांशी अजिबात संबंध ठेवू नका असे मला म्हणायचे नव्हते, नाहीतर तुम्हाला जगातूनच निघून जावे लागेल, असे तो लिहितो (1 करिंथ 5:10). विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर जा, वाढतील ते खा, असेही सांगतो (10:27).

स्वतःची परीक्षा घ्यायची तर चार प्रश्न पुरतात. या मित्रांत बसून आल्यावर मी घरी काय लपवतो? गेल्या सहा महिन्यांत मी त्यांच्याकडून काय उचलले, आणि त्यांनी माझ्याकडून काय? मी एखाद्या गोष्टीला ‘नाही’ म्हटले तर मैत्री टिकते का? आणि मी खरोखर अडकलो तर यांतला कोण रात्री येईल? उत्तरे मनातल्या मनात देऊ नका, कागदावर लिहा. मनात आपण स्वतःला फार सवलत देतो.

‘नाही’ कसे म्हणायचे?

यासाठी दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय नुसता वाचू नये, कामाला लावावा. दानीएलाला इतर मुलांबरोबर बंदी म्हणून बाबेलच्या दरबारात नेले होते. तिथे राजाचे अन्न आणि द्राक्षारस घ्यायचा नाही, हे त्याने ताट समोर येण्याआधी मनाशी ठरवले (1:8). मग थयथयाट न करता अधिकाऱ्याला विनंती केली. अधिकारी घाबरला, कारण मुले वाळलेली दिसली तर त्याचीच मान जाणार होती. दानीएलाने ती अडचण खोटी ठरवली नाही. तो खालच्या कारभाऱ्याकडे गेला आणि पर्याय मांडला: 10 दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी द्या, मग तुलना करून पाहा (1:12-13). शिवाय तो एकटा नव्हता, चौघे जण होते.

आजच्या भाषेत: आधी ठरवा, कारण ग्लास हातात आल्यावर ठरवता येत नाही. नकार एका वाक्याचा ठेवा. ‘मी घेत नाही.’ त्यापुढे ‘आज अँटिबायोटिक चालू आहे’ असे कारण जोडले की पुढच्या शनिवारी कारण संपते आणि आग्रह पुन्हा सुरू होतो. पर्याय तुम्ही सुचवा: जेवायला येतो, दहाला निघतो. परतीचे वाहन स्वतःचे ठेवा, नाहीतर निघण्याची वेळ दुसऱ्याच्या हातात जाते. आणि त्याच घोळक्यातला एक तरी जोडीदार आधी गाठून ठेवा.

अर्धवट नकाराचे काय होते, ते योसेफाचा थोरला भाऊ रऊबेन याच्याकडे पाहून कळते. योसेफाला मारू नका, खड्ड्यात टाका, असे त्याने भावांना सांगितले. मागाहून गुपचूप सोडवायचा त्याचा बेत होता (उत्पत्ती 37:22). हेतू चांगला होता, पण तो बाजूला गेला तेवढ्यात भावांनी योसेफाला विकले. नंतर रऊबेनाने स्वतःचे कपडे फाडले, आणि बापासमोर रक्ताने माखलेला झगा गेला तेव्हा तो गप्प राहिला.

काही वेळा बोलणेच नको. मिसरातला धनी पोटीफर याची बायको संग कर म्हणू लागली, तेव्हा योसेफाने तिला आधी कारणासह नकार दिला, रोजचा आग्रह सुरू झाल्यावर तिच्याजवळ थांबणेही टाळले, आणि शेवटी वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला (39:8-12). त्याची किंमत तुरुंग ही होती. योग्य वागले की लगेच चांगले होते, असे मुलांना सांगू नये. त्यांना खोटे पकडता येते.

‘मी पीत नाही, नुसता सोबतीला बसतो.’ यात काय चूक?

नियम म्हणून चूक नाही. पण येशूचा शिष्य पेत्र याचे काय झाले ते लक्षात ठेवा. येशूला धरून नेणाऱ्यांच्याच चाकरांनी पेटवलेल्या कोळशाच्या शेकोटीपाशी तो ऊब घेत राहिला (योहान 18:18), आणि तिथेच त्याने येशूशी असलेली ओळख नाकारली. काही तासांपूर्वी हाच पेत्र जीव द्यायला तयार होता.

नीतिसूत्रे 23:29-35 हे वर्णन मोठ्याने वाचा. डोळे लाल, विनाकारण जखमा, डोलकाठीच्या टोकावर झोपल्यासारखे वाटणे, आणि शेवटचे वाक्य: जाग कधी येईल? मी पुन्हा तिच्याकडे जाईन. हे लिहिणाऱ्याने पिणारी माणसे जवळून पाहिली होती.

मित्र कर्जाला जामीन राहा म्हणतो. नकार दिला तर मैत्री तुटेल.

बायबल इथे आश्चर्य वाटावे इतके रोखठोक आहे. शेजाऱ्याला जामीन राहिला असशील तर डोळ्याला झोप लागू देऊ नकोस. जा, गयावया कर आणि स्वतःला सोडवून घे, जसे हरीण शिकाऱ्याच्या हातून सुटते (नीतिसूत्रे 6:1-5). फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचे अंथरूणही नेतील (22:27).

भारतीय कायदा वेगळे सांगत नाही. करार कायदा, 1872 च्या कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘नुसती सही आहे’ असे काही नसते. मदत करायचीच असेल तर परत आली नाही तरी चालेल एवढी रक्कम द्या आणि विषय मिटवा. ऑनलाइन जुगारात हरलेल्या मित्राला रोख देऊ नका. औषधाचे, फीचे, भाड्याचे पैसे थेट तिथे भरा.

ही शिकवण फक्त तरुणांसाठी आहे का?

शलमोनाचा मुलगा रहबाम राजा झाला तेव्हा 41 वर्षांचा होता (1 राजे 14:21). लोकांनी जोखड हलके करा म्हटले, त्याने तीन दिवस मागितले. वडीलधाऱ्यांनी सौम्य बोलायला सांगितले, पण बरोबर वाढलेल्या सोबत्यांनी दरडावायचा सल्ला दिला, आणि राज्य फुटले. बाराव्या अध्यायातले आठवे वचन नीट पाहा: वडीलधाऱ्यांचा सल्ला त्याने सोबत्यांना विचारण्याआधीच टाकून दिला होता. सोबत्यांकडे तो सल्ला मागायला गेला नव्हता, होकार मागायला गेला होता. मोठ्या माणसांची कुसंगत बहुधा अशी असते.

वर्गमित्र किंवा सहकारी निवडता येत नाहीत. मग?

ओळख, सहवास आणि भागीदारी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. यहोशाफाट हा यहूदाचा चांगला राजा. त्याने इस्राएलचा दुष्ट राजा अहाब याच्याशी सोयरीक केली (2 इतिहास 18:1). मग त्याच्यासोबत रामोथ-गिलादच्या लढाईला गेला. अहाबाने स्वतः वेष पालटला आणि यहोशाफाटाला राजवस्त्रात उभे केले. रथांचे सरदार अर्थातच त्याच्यावर तुटून पडले, तो कसाबसा वाचला. संदेष्ट्याने खडसावले (19:2). तरीही पुढे अहाबाच्या मुलाशी भागीदारीत गलबते बांधली, तीही फुटली (20:37). सर्वांत मोठी किंमत त्याच्या घराला मोजावी लागली: सून आली ती अहाबाची मुलगी अथल्या, आणि तिने पुढे राजवंशाची कत्तल केली (22:10). भल्या माणसाचा स्वभाव बिघडला नाही तरी त्याच्या करारांची फळे पुढची पिढी भोगते. धंद्यातला भागीदार आणि सोयरीक निवडताना हा इतिहास काढून वाचावा.

सहकाऱ्याबरोबर डबा खा, काम शिका, अडीअडचणीला धावा. खोट्या बिलावर सही करू नका, आणि तिसऱ्याची चहाडी सुरू झाली की उठा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे काय करावे?

कामाचा असेल तर म्यूट आणि आर्काइव्ह करा, फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणे बंद करा. नुसता घाणीचा असेल तर बाहेर पडा. 2022 पासून ग्रुप सोडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. मात्र 60 दिवस जुन्या सदस्यांच्या यादीत नाव दिसते, तेव्हा कोणी विचारले तर उत्तर तयार ठेवा. ग्रुपमध्ये कोण जोडू शकते, ते प्रायव्हसी सेटिंगमध्ये बदला, नाहीतर आठवड्यात परत आत ओढले जाल.

मुलाची संगत बिघडते आहे. पालकांनी काय करावे?

मित्रांना नावे ठेवणे पहिल्या दिवशी बंद करा. तुम्ही जितके बोलाल तितका तो त्यांची बाजू घेईल. मित्रांची नावे माहीत करून घ्या, त्यांना घरी जेवायला बोलवा. दोन-तीन तासांत बरेच कळते, त्यांना आणि तुम्हाला. मग विशिष्ट वागण्याबद्दल बोला: ‘तू साडेअकराला आलास, फोन बंद होता’ हे चालते. ‘ती पोरं वाया गेलीत’ हे चालत नाही.

एली या याजकाने वाईट वागणाऱ्या आपल्या मुलांना रागावले (1 शमुवेल 2:23-25), पण ते म्हातारपणी, सगळा गाव बोलू लागल्यावर, आणि आवरले तर नाहीच (3:13). नुसते बोलणे म्हणजे आवरणे नव्हे: पैसे, गाडीची किल्ली आणि रात्रीची वेळ तुमच्या हातात आहे.

घराबाहेरच पाहू नका. दावीद राजाचा मुलगा अम्नोन याला सावत्र बहीण तामारवर अत्याचाराची वाट दाखवणारा योनादाब हा चुलतभाऊ होता, हुशार आणि घरात सहज येणारा (2 शमुवेल 13:3-5). आजारी असल्याचे सोंग त्यानेच सुचवले, आणि काही न कळता दावीदाने स्वतः मुलीला तिथे पाठवले. नातेवाईक आहे म्हणून कोणाला तपासणीतून सूट देऊ नये.

मंडळीतलाच माणूस बिघडवत असेल तर?

मत्तय 18:15-17 मध्ये क्रम आहे: आधी एकांतात, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. पहिली पायरी वगळून पाळकांकडे तक्रार किंवा प्रार्थना सभेत ‘त्याच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून गवगवा, ही नेहमीची चूक. अंतर ठेवावे लागले तरी त्याला वैरी समजू नका, भाऊ म्हणून बोध करा (2 थेस्सल 3:15).

हा क्रम गुन्ह्यासाठी नाही. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पॉक्सो कायदा, 2012 नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळीची बैठक होईपर्यंत थांबणे हा पर्यायच नाही. मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे.

संगत सोडली, आता अगदी एकटे वाटते.

तसे वाटणारच, आणि जुने मित्र टोमणेही मारणार. तुम्ही त्यांच्याबरोबर धावत नाही याचे त्यांना नवल वाटते आणि ते निंदा करतात, असे 1 पेत्र 4:4 मध्ये आहे. रिकामे घर झाडून ठेवले की सोडून गेलेला दुष्टात्मा आणखी सात घेऊन परततो, हा येशूचा इशारा (लूक 11:24-26) इथे तंतोतंत लागू पडतो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पौल नुसते ‘पळ’ म्हणत नाही, शुद्ध मनाने प्रभूला हाक मारणाऱ्यांबरोबर चालायला सांगतो (2 तीमथ्य 2:22).

म्हणून जी वेळ मोकळी झाली तीच भरा. शनिवारी रात्री आठ ते अकरा कट्ट्यावर जात असाल तर रविवार सकाळची उपासना ती जागा घेऊ शकत नाही, शनिवार रात्रीसाठीच काहीतरी लागते: गायकवृंदाचा सराव, बॅडमिंटन, आजोबांबरोबर जेवण. नीतिसूत्रांचे 31 अध्याय आहेत. तारखेप्रमाणे रोज एक वाचता येतो, दहा मिनिटे पुरतात. एखाद्या दिवशी चुकला तर मागचा भरून काढू नका, त्या दिवसाच्या तारखेचा वाचा.

व्यसनात अडकलेल्या जुन्या मित्राला मदत कशी करावी?

सौम्यतेने, पण स्वतःही मोहात पडू नये म्हणून सांभाळून (गलती 6:1). सोडून आठ दिवस झालेल्याने दुसऱ्याला सोडवायला त्याच अड्ड्यावर जाऊ नये. दिवसा, चहाच्या टपरीवर किंवा त्याच्या घरी भेटा, आणि सोबत तिसरा माणूस घ्या. रोज पिणाऱ्याला ‘आजपासून एकदम बंद’ असे सांगू नका. अचानक थांबल्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा 14416, हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. नंबर पाठवून मोकळे होऊ नका, शेजारी बसून फोन लावून द्या. पहिल्या भेटीला दवाखान्यात बरोबर जा, आणि दुसऱ्या भेटीची तारीख तिथेच लिहून घ्या.